चाप, घोडा आणि सीअर : निमस्वयंचलित रायफलीतील बिघाडाचे शास्त्र

निमस्वयंचलित रायफल म्हणजे चाप एकदा ओढला असता एकच गोळी झाडणारी, परंतु रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, पुढचे काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये सरकवणे आणि घोडा पुन्हा ताणून ठेवणे ही तिन्ही कामे झाडलेल्या गोळीच्याच वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर आपोआप उरकणारी रायफल होय. बोलीभाषेत चापालाही घोडाच म्हणतात. या लेखात मात्र बोटाने ओढला जाणारा भाग तो चाप आणि स्प्रिंगच्या जोराने फायरिंग पिनवर, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या बारीक सळईवर, आदळणारा पोलादी हातोडा तो घोडा, असा भेद पाळला आहे. या दोहोंच्या मध्ये सीअर नावाचा एक छोटा खटका असतो, जो ताणलेल्या घोड्याला रोखून धरतो आणि चाप ओढला गेला की वाट मोकळी करून देतो. रायफलीचा चाप बिघडला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा स्वतः चापात काहीच झालेले नसते. बिघाड असतो तो घोडा आणि सीअर जेथे एकमेकांना धरतात त्या दोन पोलादी कडांमध्ये, त्यांना रेटणाऱ्या स्प्रिंगांमध्ये किंवा त्यांच्या आड साचलेल्या मळात.

या कडा किती लहान असतात याची कल्पना असल्याशिवाय पुढचे विवेचन नीट समजणार नाही. ताणलेला घोडा मागे थांबतो तो एकमेकींवर मिलिमीटरभर किंवा त्याच्या आसपास चढलेल्या दोन धारदार कडांच्या आधाराने. त्या कडांवर घोड्याच्या जाड स्प्रिंगचा सगळा ताण असतो आणि तो ताण हजारो वेळा घेऊनही कडांचा आकार बदलू नये, यासाठी त्या पृष्ठभागांचे पोलाद मुद्दाम कठीण केलेले असते. कठीणपणाचा हा थर पुष्कळदा फार जाड नसतो. कानस किंवा घासण्याचा दगड फिरवून चाप मऊ करण्याचा उद्योग करणारा माणूस नेमका हाच थर खरवडून काढतो, आणि खालचे मऊ पोलाद उघडे पडल्यावर ती कड पुढच्या काहीशे फैरींतच गोल होऊ लागते. कारखान्यातून सदोष निघालेल्या चापांपेक्षा अशा हौशी दुरुस्तीने सदोष झालेल्या चापांपासून अधिक सावध राहावे लागते, कारण त्या दुरुस्तीनंतरचे पहिले काही दिवस चाप खरोखरच पूर्वीपेक्षा छान लागतो.

हाताने चालवायच्या रायफलीत एवढ्या तीन भागांवर काम भागते, कारण तेथे प्रत्येक गोळीनंतर माणूस स्वतः बोल्ट, म्हणजे चेंबरचे तोंड बंद करणारा सरकता पोलादी भाग, मागे ओढतो आणि तोवर त्याने चाप कधीच सोडलेला असतो. निमस्वयंचलित रायफलीत मात्र बोल्ट मागे जाऊन पुन्हा पुढे येण्याचे संपूर्ण चक्र सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळात पुरे होते, आणि एवढ्या वेळात कोणाही माणसाचे बोट चापावरून सुटत नाही. म्हणजे बोल्टने घोडा मागे ढकलला तेव्हाही चाप ओढलेलाच असतो. अशा वेळी घोड्याला अडवणारे दुसरे काही नसेल, तर तो बोल्टच्या पाठोपाठ पुढे जाईल. म्हणून या रायफलींत विच्छेदक, म्हणजे इंग्रजी परिभाषेतील डिस्कनेक्टर, नावाची योजना करावी लागते: चाप दाबलेला असेपर्यंत घोड्याला धरून ठेवायचे आणि बोट सैल पडले की त्याला मूळ सीअरच्या हवाली करायचे, हे तिचे काम. भरलेली कळशी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देताना दुसऱ्याची पकड बसल्यावरच पहिल्याने सोडायची असते, तसाच हा व्यवहार आहे, आणि निमस्वयंचलित रायफलीच्या चापाचे जे सर्वांत धोकादायक विकार आहेत ते याच देवाणघेवाणीच्या क्षणी उद्भवतात.

अमेरिकेच्या एम-1 गॅरंड या रायफलीत ही योजना विशेष स्पष्ट दिसते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात 1888 साली जन्मलेल्या जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यात ती घडवली, अमेरिकी लष्कराने 1936 साली ती स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात त्या लष्कराच्या पायदळाचे ते मुख्य शस्त्र ठरले. महायुद्धानंतरच्या उत्पादनासह तिच्या सुमारे 54 लाख प्रती बनल्या. आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून एकदम आत दाबायची आणि आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप बाहेर उसळायची, हे तिचे सर्वांना ठाऊक असलेले वैशिष्ट्य. परंतु शस्त्रदुरुस्तीच्या दृष्टीने तिचे मोठेपण तिच्या चापसंचात आहे. चापाचे संरक्षक कडे मागच्या बाजूने उचकटून खाली ओढले की चाप, घोडा, सीअर, सेफ्टी (म्हणजे गोळी सुटू न देणारा सुरक्षा-खटका) आणि त्यांच्या स्प्रिंगा असलेला संपूर्ण संच एकत्र हाती येतो आणि लाकडी दस्ता व नळी वेगळी होते, त्यामुळे सैनिकाला कोणतेही अवजार न वापरता तो संच पुसता, तेलावता आणि न्याहाळता येत असे.

गॅरंडच्या घोड्याला दोन ठिकाणी आकडे आहेत. पुढचे आकडे चापाच्या अंगच्याच दोन उंचवट्यांत अडकतात, आणि मागच्या आकड्यांना धरण्यासाठी चापावरच बसवलेला, स्प्रिंगने रेटलेला वेगळा सीअर असतो. गोळी सुटल्यावर बोल्ट मागे येऊन घोड्याला खाली दाबतो तेव्हा चाप ओढलेला असल्यामुळे पुढचे उंचवटे बाजूला सरलेले असतात आणि घोड्याला मागचा सीअर पकडतो. मग बोट सैल पडू लागते तसा सीअर मागे हटतो, घोडा किंचित वर उसळतो आणि तोवर आपल्या जागी परत आलेल्या पुढच्या उंचवट्यांत अडकतो. या छोट्याशा उसळीचा आवाज शांत खोलीत स्पष्ट ऐकू येतो. मागची पकड सुटणे आणि पुढची पकड बसणे या दोन घटनांत पुरेसा ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही पकडी एकाच वेळी अस्तित्वात असण्याचा अवकाश, राहिला पाहिजे, आणि कडा झिजल्या की नेमका हाच अवकाश आटतो.

आणखी एक गोष्ट गॅरंडच्या रचनेत लक्षात घेण्याजोगी आहे: घोड्याला पुढे फेकणारी आणि चापाला मूळ जागी परत आणणारी स्प्रिंग एकच आहे. एका स्प्रिंगने दोन कामे केल्यामुळे भागांची संख्या घटली हे खरे, पण ती स्प्रिंग जुनी होऊन दमली की घोड्याचा फटका दुबळा पडतो आणि चापही आळसटतो. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टोपीवर, म्हणजे प्रायमरवर, उथळ खळगा पडलेला पण गोळी न सुटलेली, आणि त्याच रायफलीचा चाप बोट काढल्यावरही पूर्ण पुढे न येणारा, अशी दोन लक्षणे एकत्र दिसली, तर जाणकार आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल व दुरुस्ती करणारा प्रशिक्षित कारागीर, कडांकडे पाहण्याआधी स्प्रिंग मोजतो.

भारतीय वाचकाला अधिक जवळची असलेली रायफल म्हणजे ईशापूरच्या कारखान्यात 1960 च्या दशकापासून बनू लागलेली 7.62 मिलिमीटरची 1ए1, जी सैन्यात, पोलिसांत आणि राष्ट्रीय छात्र सेनेत केवळ एसएलआर या आद्याक्षरांनी ओळखली गेली. बेल्जियमच्या दियुदोने सेव्ह यांनी रचलेल्या एफएएल रायफलीच्या कुळातील हे शस्त्र असून त्यातील विच्छेदनाची युक्ती गॅरंडहून निराळी आणि फार देखणी आहे. येथे वेगळा विच्छेदक नाहीच. सीअर ज्या खिळीवर फिरतो तिच्यासाठीचे भोक गोल न ठेवता लांबट ठेवले आहे, त्यामुळे तो फिरतो तसाच थोडा पुढेमागेही सरकतो. ताणलेला घोडा त्याला मागे रेटून धरतो. चाप ओढला की सीअरची शेपटी उचलली जाऊन नाक खाली जाते आणि घोडा निसटतो, आणि घोड्याचा दाब नाहीसा होताच स्प्रिंग सीअरला पुढे ढकलते, त्याची शेपटी चापाच्या पायरीवरून घसरते, नाक पुन्हा वर येते व परतणाऱ्या घोड्याची वाट अडवून उभे राहते. हे सरकणे अंतराने नगण्य असले तरी सगळी सुरक्षितता त्याच्यावर टेकलेली आहे: लांबट भोकात वाळलेल्या तेलाचा चिकट थर साचला किंवा स्प्रिंग कमकुवत झाली, तर सीअर पुढे सरकत नाही, चाप त्याची शेपटी उचललेलीच ठेवतो आणि घोड्याला अडवायला कोणीच उरत नाही. पुढे पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने रचलेली इन्सास रायफल सैन्यात आली, तरी एसएलआर पोलिसांच्या शस्त्रागारांत त्यानंतरही दीर्घकाळ राहिली, आणि दर पावसाळ्यात तिच्या चापसंचातील जुने तेल काढून नवे घालणे हे कोतातील, म्हणजे शस्त्रे ठेवण्याच्या खोलीतील, काम अगदी किरकोळ वाटले तरी ते याच कारणासाठी महत्त्वाचे ठरते.

चापाचे विकार ओळखायचे ते लक्षणांवरून, आणि त्यांपैकी दोन लक्षणे इतरांहून गंभीर आहेत. पहिले म्हणजे दुबार सुटणे: चाप एकदाच ओढलेला असताना दोन गोळ्या जाणे, किंवा एक गोळी ओढताना आणि दुसरी बोट सैल पडताना जाणे. घोड्याचे हस्तांतर फसल्याचा हा थेट पुरावा असून त्यामागे बहुधा झिजलेली किंवा घासलेली कड, दमलेली स्प्रिंग अथवा कडांच्या आड अडकलेला कण असतो. क्वचित रायफल खांद्याला पक्की टेकवलेली नसल्यामुळे धक्क्याने रायफल मागे जाऊन पुन्हा पुढे येते आणि नेमबाजाच्या स्थिर बोटावर चाप दुसऱ्यांदा आदळतो, तेव्हा दोष यंत्राचा नसून पकडीचा असतो, परंतु तो निष्कर्ष यंत्र तपासून झाल्यावरच काढायचा असतो. दुसरे लक्षण म्हणजे घोडा बोल्टच्या मागोमाग पुढे जाणे. यात गोळी पुष्कळदा सुटत नाही, कारण बोल्टबरोबर घरंगळत गेलेल्या घोड्याच्या फटक्यात जोर नसतो. नेमबाजाला केवळ एवढेच जाणवते की चाप ओढला आणि काहीच झाले नाही. म्हणूनच हे लक्षण फसवे आहे. काडतूस खराब असेल असे समजून तो पुन्हा भरतो, पुन्हा ओढतो, आणि तोच सैल घोडा एखाद्या वेळी पुरेशा जोराने आदळला तर न ओढलेल्या चापावर गोळी जाते.

चापाचा दोष वाटणारा पण चापाशी संबंध नसलेला एक प्रकार येथे वेगळा सांगितला पाहिजे, कारण त्याचे निदान हमखास चुकते. बोल्ट सोडताच, बोट चापाच्या जवळही नसताना गोळी सुटली, तर पाहणाऱ्याला सीअर निसटला असेच वाटते. प्रत्यक्षात गॅरंडसारख्या अनेक लष्करी रायफलींत फायरिंग पिन कोणत्याही स्प्रिंगने मागे ओढून धरलेली नसते. बोल्ट वेगाने पुढे येऊन थांबला की ती आपल्याच वेगाने किंचित पुढे जाते आणि प्रायमरला हलकेच स्पर्श करते. गॅरंडमध्ये भरून, न झाडता पुन्हा बाहेर काढलेले काडतूस उजेडात तिरपे धरले, तर त्याच्या प्रायमरच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा एक चकचकीत ठिपका दिसतो, आणि तो याच स्पर्शाचा असतो. सामान्य स्थितीत तो निरुपद्रवी आहे, कारण लष्करी काडतुसांचे प्रायमर अशा हलक्या स्पर्शाला दाद न देण्याइतके निबर ठेवलेले असतात. महाराष्ट्रात 1869 पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात बनणाऱ्या लष्करी काडतुसांच्या बाबतीतही प्रायमरच्या संवेदनशीलतेची कसोटी हा उत्पादनाचा एक महत्त्वाचा भाग असतो, तो याचमुळे. घरी भरलेल्या काडतुसात अधिक संवेदनशील प्रायमर वापरला, तो खाचेत पूर्ण न बसता किंचित वर राहिला किंवा एकच काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर बोल्ट मोकळा सोडला, तर हा स्पर्शच स्फोटाला पुरेसा ठरू शकतो.

सोव्हिएत बनावटीच्या एसकेएस रायफलीत याच दोषाचे निराळे कारण सापडते. सर्गेई सिमोनोव यांच्या या रायफलीच्या सुरुवातीच्या प्रतींत फायरिंग पिनला मागे खेचणारी स्प्रिंग होती, नंतर ती काढून टाकण्यात आली. दशकानुदशके कोठारात पडून राहणाऱ्या अशा रायफली गंजू नयेत म्हणून घट्ट, मेणचट ग्रीसमध्ये बुडवून ठेवल्या जात, आणि ते ग्रीस फायरिंग पिनच्या अरुंद वाटेत तसेच राहिले तर पिन पुढच्या टोकाला चिकटून बसते. मग बोल्ट मिटण्याच्या क्षणीच प्रायमर फुटतो, आणि एका गोळीचा धक्का बोल्टला पुन्हा मागेपुढे नेत असल्यामुळे मॅगझीन रिकामे होईपर्यंत रायफल कोणाच्याही आज्ञेवाचून झडत राहू शकते. अशा रायफलीचा चापसंच कितीही वेळा बदलला तरी दोष जाणार नाही; बोल्ट पूर्ण उघडून पिनची वाट स्वच्छ केली की तो जातो, आणि बोल्ट हातात हलवला असता पिन आत खुळखुळताना ऐकू येणे हे ती मोकळी असल्याचे साधे चिन्ह आहे.

चापाचा हलकेपणा हा आणखी एक विषय आहे, ज्याविषयीचा गैरसमज कित्येक बिघाडांच्या मुळाशी असतो. चाप ओढायला लागणारा जोर वजनाच्या मापात सांगतात. अमेरिकेत नागरी नेमबाजी कार्यक्रमाच्या स्पर्धांमध्ये गॅरंडच्या चापाला किमान साडेचार पौंड, म्हणजे सुमारे दोन किलो वजन पेलता आले पाहिजे असा नियम आहे, आणि त्याची तपासणी रायफल रिकामी करून, घोडा ताणून, नळी आकाशाकडे उभी धरून चापाला तेवढ्या वजनाचा आकडा अडकवून करतात. वजन जमिनीवरून उचलले गेले आणि घोडा पडला नाही, तर रायफल पात्र ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातील रायफलींचे चाप याच्या कैक पटींनी हलके असतात, आणि ते पाहून लष्करी धाटणीच्या रायफलीचा चापही तसाच करावा असा मोह पुष्कळांना होतो. हा मोह चुकीच्या तुलनेतून येतो. स्पर्धेच्या त्या रायफलीत नेमबाज एकेक काडतूस स्वतः भरतो, तिचा बोल्ट हाताच्या वेगाने चालतो आणि ती नेमबाजीच्या मैदानाबाहेर वापरली जात नाही. निमस्वयंचलित रायफल मात्र प्रत्येक गोळीनंतर स्वतःलाच एक जबर हादरा देते, आणि नव्याने पकडलेल्या घोड्याला त्या हादऱ्यातही जागचे हलू न देण्याएवढी कडांची पकड असावी लागते. चापाचा जो जडपणा नेमबाजाला नकोसा वाटतो, त्याचा बराचसा भाग म्हणजे ही पकडच असते. गॅरंडचा दोन टप्प्यांचा चाप, ज्यात आधी थोडा सैल प्रवास आणि मग निश्चित प्रतिकार लागतो, तो खोल पकड आणि स्वच्छ सुटका या दोन्ही गरजा एकत्र भागवण्याचा प्रामाणिक आणि यशस्वी प्रयत्न होता.

निमस्वयंचलित नसलेल्या एका रायफलीचे उदाहरण येथे टाळता येत नाही, कारण चापाच्या रचनेवरून एवढा दीर्घ आणि एवढा दुःखद वाद क्वचितच झाला असेल. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने 1962 साली बाजारात आणलेल्या मॉडेल 700 या बोल्टच्या शिकारी रायफलीत माइक वॉकर यांनी रचलेला चापसंच होता, ज्यात चाप आणि सीअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाचा एक सुटा पातळ तुकडा केवळ स्प्रिंगच्या दाबाने चापाला लागून राहत असे. प्रत्येक वेळी गोळी झाडताना तो चापापासून क्षणभर विलग होई, आणि त्या फटीत कचरा, ओल किंवा धातूचा कण अडकला तर तो पूर्ण जागेवर परतत नाही व सीअरला अपुरा आधार मिळतो, असे वादींच्या तज्ज्ञांचे म्हणणे होते; कंपनीने हा दोष कधीच मान्य केला नाही आणि अपघात चुकीच्या हाताळणीमुळे व अयोग्य देखभालीमुळे घडतात, अशी भूमिका घेतली. या वादाला एक भयंकर गाठ होती ती सेफ्टीची. जुन्या प्रतींमध्ये सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद होई, म्हणून रायफल रिकामी करण्यासाठी आधी सेफ्टी काढावीच लागे. 1982 मध्ये ही रचना बदलण्यात आली, परंतु आधीच्या रायफली लोकांच्या हाती राहिल्या. 2000 साली मोंटाना राज्यात शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबात अशीच रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढली गेली, गोळी सुटली आणि पलीकडे असलेला नऊ वर्षांचा मुलगा मरण पावला. 2014 साली कंपनीने नंतरच्या एक्स-मार्क प्रो या चापसंचाच्या रायफली, जुळणीत वापरलेला चिकट पदार्थ प्रमाणाबाहेर राहिल्याच्या कारणावरून, परत मागवल्या, आणि जुन्या चापांविषयीच्या सामूहिक दाव्यातील तडजोडीला, ज्यात चापसंच बदलून देण्याची तरतूद होती, अमेरिकी न्यायालयाने 2017 साली मान्यता दिली. दोष कोणाचा यावर मतभेद राहिले तरी एक गोष्ट या प्रकरणातून निर्विवाद दिसते: सेफ्टी हाही घर्षणावर आणि कडांवर चालणारा एक यांत्रिक भाग आहे, त्यामुळे नळी कोणत्या दिशेला आहे या प्रश्नाचे उत्तर सेफ्टी लावलेली असतानाही माणसानेच द्यायचे असते.

कायद्याच्या दृष्टीनेही चापाचा बिघाड ही खाजगी बाब राहत नाही. भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात प्रतिबंधित शस्त्राची व्याख्याच चापावर बेतलेली आहे: चाप दाबला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे बनवलेले किंवा तसे बदललेले शस्त्र म्हणजे प्रतिबंधित शस्त्र. निमस्वयंचलित रायफलीही सामान्य नागरिकाच्या परवान्याच्या कक्षेबाहेरच ठेवलेल्या आहेत, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 5 नुसार व्यवसाय म्हणून शस्त्राची दुरुस्ती करण्यासाठीसुद्धा स्वतंत्र परवाना लागतो. अमेरिकेतही 1934 च्या कायद्याने चापाच्या एका क्रियेत एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र मशीनगन ठरते. स्टेपल्स विरुद्ध अमेरिका या 1994 च्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, रायफल तशी झडते हे मालकाला ठाऊक होते हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय दिला. या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ असा की, दुबार सुटणारी रायफल एकदा लक्षात आल्यावर ती तशीच वापरत राहणे हा निष्काळजीपणा तर आहेच, शिवाय त्यानंतर अजाणतेपणाचा बचावही उरत नाही.

मग असा बिघाड प्रत्यक्ष समोर आला तर नेमबाजाने करायचे ते फार थोडे, परंतु क्रमाने करायचे असते. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर रायफल लक्ष्याच्या दिशेलाच रोखून किमान 30 सेकंद थांबावे, कारण प्रायमर उशिराने पेटून गोळी नंतर सुटू शकते. मगच मॅगझीन किंवा क्लिप काढावी, बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे. दोन गोळ्या एकदम गेल्या, तर पुढची फैर झाडून खात्री करून घेण्याचा विचारही मनात आणू नये. रिकाम्या रायफलीवर करता येण्याजोगी एक साधी पडताळणी आहे, जी पहिल्या महायुद्धानंतरच्या जवळजवळ प्रत्येक निमस्वयंचलित रायफलीला थोड्याफार फरकाने लागू पडते: घोडा ताणून सेफ्टी लावावी आणि चाप जोराने ओढून सोडावा, मग सेफ्टी काढावी, या दोन्ही वेळी घोडा पडता कामा नये, त्यानंतर चाप ओढून घोडा पाडावा, चाप तसाच दाबून धरून बोल्ट हाताने झटक्यात मागेपुढे करावा आणि मग बोट अगदी सावकाश सैल सोडावे, तेव्हा घोडा एका पकडीतून दुसरीत गेल्याचा टक् असा आवाज यावा, पण घोडा पडू नये. यांपैकी एकही पायरी चुकली तर तपासणी तेथेच संपते. ही पडताळणी दोष आहे हे सांगू शकते. दोष नाही हे मात्र ठामपणे सांगू शकत नाही, कारण हाताने फिरवलेल्या बोल्टचा वेग आणि गोळीने फिरवलेल्या बोल्टचा वेग यांत फार अंतर असते.

साफसफाईपलीकडचे काहीही, म्हणजे कडा घासणे, स्प्रिंग कापून लहान करणे, दुसऱ्या रायफलीचा सीअर बसवून पाहणे, हे मालकाचे काम नव्हे. गॅरंडच्या बाबतीत अनुभवी आर्मररसुद्धा झिजलेला घोडा दुरुस्त करत बसत नाहीत, सरळ बदलतात, आणि बदललेल्या घोड्याची चापाशी जुळणी पुन्हा तपासल्याशिवाय रायफल परत देत नाहीत. रायफल दुरुस्तीला देताना ती रिकामी असल्याची समोरच्यासमोर खात्री करून द्यावी, सदोष असल्याची चिठ्ठी तिच्या चापाच्या कड्याला बांधावी आणि त्या चिठ्ठीवर चार गोष्टी अवश्य लिहाव्यात: नेमके काय घडले, किती गोळ्यांनंतर घडले, काडतुसे कोणत्या बनावटीची होती आणि चापसंचाला यापूर्वी कोणी हात लावला होता. न सुटलेले काडतूस नेमबाजीच्या मैदानावरील अधिकाऱ्याकडे सोपवावे, आणि त्याच्या प्रायमरवर पडलेला खळगा खोल होता की उथळ याची नोंदही त्याच चिठ्ठीवर करावी, कारण घोडा दुबळा होता की सीअर, हे शोधताना आर्मररला सर्वांत आधी तीच माहिती लागते.